कुंभेरीच्या भिंतीचे थर

"चष्मा मी घालणार न्हाई," आबा म्हणाले, "आन गदाबी खाली ठेवणार न्हाई. करा सुरू तुमचं मशीन."

आबा म्हणजे बाजीराव शेंडगे. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी, मनगटात कडं, दोन्ही हातांत अंगठ्या, आणि खांद्यावर पहिल्या नंबरच्या कुस्तीसाठी आणलेली चांदीची गदा. सकाळच्या उन्हात ते असे लखलखत होते की, त्यांच्याकडे बघायलाच चष्मा लागला असता.

मी मशीनची किल्ली मुठीत घट्ट धरली आणि म्हणाले, "मग मशीन सुरू होणार नाही."

सनईवाला मध्येच थांबला. तसं त्याला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

कुंभेरीच्या कुस्ती मैदानाचा तो सुवर्णमहोत्सव. गोल, काँक्रिटच्या पायऱ्यांचं मैदान, मध्ये लाल मातीचा हौदा, आणि दरवाजातून आत शिरलं की समोर एक उंच, लांब काँक्रिटची भिंत. गावाला जे जे म्हणून सांगायचं होतं ते गावाने पन्नास वर्षं त्या भिंतीवर लिहिलं होतं. निवडणुका, जाहिराती, वाढदिवस, आणि उरलेल्या जागेत पानाच्या पिचकाऱ्या. महोत्सवापूर्वी भिंत मूळ रूपात आणायची असं नगरपालिकेने ठरवलं. आधीच्या ठेकेदाराने एका कोपऱ्यावर वाळूचा मारा केला, तर भिंतीला देवी आल्यासारखे खड्डे पडले. मग त्याने अॅसिड लावलं, तर खड्ड्यांसकट ती पिवळी पडली. तेव्हा पुण्याहून आमची कंपनी आली, लेझर घेऊन.

मशीन म्हणजे लहान कपाटाएवढी पेटी, तिच्यातून निघालेली जाड केबल, आणि टोकाला हातात धरायची बंदूक. पाणी नाही, वाळू नाही, रसायन नाही. किरण रंगावर पडला की रंग तडतडत उडतो, तो बाजूचा पंप ओढून घेतो, आणि खालचं काँक्रिट जसंच्या तसं राहतं. मात्र तो किरण डोळ्यांना दिसत नाही, आणि डोळ्यात गेला तर दिसणंच संपतं.

मी त्या कंपनीत ऑपरेटर होते. शिवाय कागदोपत्री 'लेझर सुरक्षा अधिकारी'ही होते. त्याचं असं झालं की, परवानगीच्या अर्जात त्या पदासमोर कुणाचं तरी नाव लागत होतं. आमचे विक्रीप्रमुख हेर्लेकर सर म्हणाले, "उर्मिला खटावकर लिहा. ती नाहीतरी मशीनपाशीच उभी असते." त्या पदाबरोबर मला एक पिवळं जाकीट मिळालं. ते पुरुषांच्या मापाचं होतं. बाह्या दुमडल्या की चालून जायचं.

त्या दिवशी सकाळपासून मी गावाचा उत्साह एकेक करून काढून घेत होते. भिंतीपुढे मी जाड काळ्या पडद्यांची खोली उभी केली, तेव्हा लोक म्हणाले, "मग आमी काय बगायचं?" फोटोग्राफरला सांगितलं की, किरणाने कॅमेऱ्याचाही डोळा जातो, तुम्ही बाहेर. तो रुसून पायरीवर बसला. पडद्याच्या तोंडाशी पितळी वाद्यं घेऊन बँडवाले उभे होते.

"चकचकीत वस्तूवर किरण आपटला की कुठेही उडतो," मी त्यांना सांगितलं. "तुम्ही लांब, त्या झाडाखाली जा."

"आमी वाजवायचं न्हाई?"

"वाजवा. लांबून वाजवा."

त्यांतला सनईवाला तेवढा जवळ राहिला, कारण सनई लाकडी होती आणि तिच्या पितळी तोंडाला त्याने माझ्यादेखत रुमाल बांधला. सनईचा आवाज सर्दी झाल्यासारखा येऊ लागला.

एवढ्या गडबडीत माझं बोलणं लक्ष देऊन ऐकणारी दोनच माणसं होती. एक हिंदुराव वस्ताद. सत्तरी ओलांडलेले, कान कुस्तीत चिरडून फुलकोबीसारखे झालेले, आणि मैदानाचे जुने निवेदक. माइक त्यांच्या हातून कुणी काढून घेतलेला गावाने पाहिला नव्हता. त्यांनी मला विचारलं, "बाई, किरणाला कसं कळतं, रंग खायाचा आन काँक्रिट सोडायचं?"

"वस्ताद, उन्हात काळी घोंगडी जास्त तापते की पांढरं धोतर?"

"घोंगडी."

"तसंच. रंग आणि घाण किरण पिऊन घेतात, काँक्रिट बराचसा परतवतं. पण बंदूक एका जागी धरून बसलं तर काँक्रिटही तडकतं. हात हलता ठेवायचा."

"म्हंजे डाव टाकला की पकड सोडायची. कळलं."

ऐकणारं दुसरं माणूस होतं वहिनीसाहेब. सौ. रत्नप्रभा बाजीराव शेंडगे, कुंभेरीच्या नगराध्यक्षा. जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून आबांनी त्यांना उभं केलं होतं. गावात "अध्यक्ष" अशी हाक मारली की मान आबा वळवायचे. वहिनीसाहेब सभेत शेजारी बसायच्या आणि दाखवलेल्या जागी सही करायच्या. डोक्यावर पदर, हातात नारळ, आणि आज बसायला तिसरी खुर्ची, कारण पहिली आबांची आणि दुसरी गदेची होती. मी सकाळी सगळ्यांना चष्म्याबद्दल सांगत होते तेव्हा सगळे आपापसांत बोलत होते. त्या एकट्याच मध्ये म्हणाल्या, "डोळा जातो म्हंजे अर्धा का पुरता?"

"कधी अर्धा, कधी पुरता."

"परत येतो?"

"नाही."

"दुखतं?"

"नाही. तेच वाईट. कळतच नाही."

त्यांनी मान हलवली आणि परत नारळाकडे बघत बसल्या.

तर आबा चष्मा घालायला तयार नव्हते. बेत असा होता की, त्यांनी एका हाताने गदा पेलायची, दुसऱ्या हाताने मशीनचं बटण दाबायचं, आणि तोंड लोकांकडे ठेवायचं. हिरव्या काचांचा तो मोठा चष्मा घातला तर तोंडच दिसणार नव्हतं.

हेर्लेकर सर माझ्या कानाशी आले. "खटावकर, क्षणभराचं काम आहे. बटण दाबतील, फोटो होईल, बंद करू. द्या ती किल्ली."

"सर, पडदा उघडा, हातात चांदी, डोळे उघडे. कसं देऊ?"

"काही होत नाही हो! तुम्ही फार मनावर घेता."

"मी सुरक्षा अधिकारी आहे."

"ते कागदावर!" सर म्हणाले. त्यांना कुजबुजायचं होतं, पण माइक वस्तादांच्या हातात चालू होता आणि वस्ताद जवळच उभे होते. 'ते कागदावर' हे मैदानाच्या चारही कर्ण्यांतून गेलं.

लोक हसले. मी लाल झाले असणार. मला आमचे प्रशिक्षक आठवले. पाच दिवस त्यांनी आम्हाला मशीन शिकवलं आणि शेवटच्या तासाला सांगितलं की, त्यांच्या उजव्या डोळ्यात एक ठिपका आहे. वाचताना ते ज्या शब्दाकडे बघतात नेमका तोच शब्द त्यांना दिसत नाही. बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं की कान दिसतात, चेहरा नाही. "क्षणभराचंच काम होतं," असं तेही म्हणाले होते.

"हितला अधिकारी कोण हाय, ते म्हायती हाय का तुमाला?" आबांनी गदा जमिनीवर टेकवली. "मी सांगतोय, सुरू करा."

नोकरी तर जाणारच होती. मग मी निदान नीट बोलायचं ठरवलं. "आबासाहेब, जागा नगरपालिकेची. माझ्याकडच्या कागदावर अध्यक्ष म्हणून सही रत्नप्रभा शेंडगे यांची आहे. त्यांनी सांगितलं तर बोलू."

"आवो, तिनं आन मी काय येगळं हाय का? ती काय सांगणार!"

तिसऱ्या खुर्चीतून आवाज आला. "बाई, मला द्या बघू तो चष्मा."

वहिनीसाहेब उठल्या. नारळ त्यांनी आबांच्या मोकळ्या खुर्चीत ठेवला. चष्मा घेतला, पदराच्या वरून घालायला गेल्या, तो बसेना. मग त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, कमरेला खोचला आणि चष्मा घट्ट बसवला. हातातल्या पाटल्या काढून माझ्या जाकिटाच्या खिशात टाकल्या. मास्क लावला. एवढं करून त्या आबांकडे वळल्या. हिरव्या काचांमागे त्यांचे डोळे दिसत नव्हते, आणि मला वाटतं, त्याचा त्यांना उपयोग झाला.

"अवो," त्या म्हणाल्या, "चष्मा घाला आन सोनं उतरवा. न्हाईतर पडद्याबाहेर व्हा."

"काय?"

"पडद्याबाहेर व्हा म्हणलं."

"लोकांम्होरं सांगतीयास हे?"

"लोकांम्होरंच सांगायला पायजे. घरात सांगितलेलं कुटं ऐकता!"

गावातल्या यच्चयावत बायका हसल्या. त्या मैदानात नव्हत्या, दरवाजाबाहेर रस्त्यावर उभ्या होत्या. पण कर्णे तिथवर ऐकू जात होते. आबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सोनं उतरवायचं तर कडं निघायला तेल लागलं असतं. शेवटी "तुमचं बायकांचं काय चाललंय ते चालू द्या" असं म्हणून ते गदा खांद्यावर टाकून पडद्याबाहेर गेले. तिथे ते खुर्चीत बसायला गेले आणि नारळावर बसले.

आत आम्ही चौघं राहिलो. मी, हेर्लेकर सर, वहिनीसाहेब, आणि वस्ताद. वस्तादांना मी बाहेर काढणार होते, पण त्यांनी चष्मा घातला, मास्क लावला, घड्याळ काढून दिलं आणि म्हणाले, "भाईर दोन हजार मानूस हाय. त्यास्नी सांगायला नगं?" नियमांत निवेदकाला मनाई नव्हती.

मी पडदा बंद केला, पंप चालू केला, किल्ली फिरवली.

किरण दिसत नाही, पण तो जिथे पडतो तिथे पांढऱ्या ठिणग्यांची एक रेघ नाचते आणि मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो. मी बंदूक हळूहळू डावी-उजवीकडे फिरवू लागले. वस्तादांनी मास्कच्या आतून माइकवर सूर लावला.

"आन बाईंनी सलामी दिली! खडाखडी झाली! रंगानं पाय रोवलाय, पन किरणानं पट काढला... सुटतोय, सुटतोय... आन ह्यो पयला थर चितपट!"

बाहेर टाळ्या पडल्या. पहिला थर गेल्या निवडणुकीचा होता. त्यात 'सौ. रत्नप्रभा' बारीक अक्षरांत होतं आणि 'बाजीराव' हातभर उंचीचं होतं. ते दोन्ही धूर होऊन पंपात गेलं. खालून हिरवा रंग आला.

"आता खालनं काय निगतंय बगूया," वस्ताद म्हणाले. त्यांना वाचायचा चष्मा लागत असावा, पण उत्साह दांडगा होता. "'बाजीराव शेंडगे यांना विजयी करा. निशाणी कपबशी.' वा! आबा, तुमीच हाय!"

बाहेरून आबांचा खूश आवाज आला, "वाचा, वाचा!"

"'छत्रीवाल्या चोरांना घरी बसवा!'"

पुन्हा टाळ्या. मी पुढचा फेरा घेतला. हिरवा गेला, खालून निळा आला.

"'बाजीराव शेंडगे यांना विजयी करा,'" वस्तादांनी वाचलं. मग ते किंचित थांबले. "'निशाणी... छत्री.'"

बाहेर कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं, आणि त्यानंतर मैदान जे उसळलं ते कुस्तीलासुद्धा उसळलं नसेल. हेर्लेकर सर चष्म्याआडून मला खुणा करत होते. त्यांचा अर्थ मला कळत होता, पण हिरव्या चष्म्यातून खुणा नीट दिसत नाहीत असं मी ठरवलं.

"'कपबशीवाल्या गद्दारांना...'" वस्ताद वाचत होते.

"थांबवा!" बाहेरून आबा ओरडले. "थांबवा ते मशीन!"

मी लगेच थांबवलं. लाल बटण दाबलं, किल्ली काढली. आमचा नियमच तसा आहे. कुणीही 'थांबवा' म्हटलं की थांबायचं, आधी थांबायचं आणि मग कारण विचारायचं.

वहिनीसाहेबांनी विचारलं, "काय झालं?"

"कुणीतरी थांबवा म्हणालं. काही अपघात झाला का बघायला पाहिजे."

त्यांनी पडद्याशी जाऊन आवाज दिला, "अवो, कुणाच्या डोळ्याला काय झालंय का?"

"न्हाई, पन..."

"भाजलंय कुणाला?"

"आगं, पन..."

"करा बाई सुरू," त्या मला म्हणाल्या.

निळ्याखाली पिवळा होता. त्यात एका कुल्फीवाल्याची जाहिरात होती. त्याखाली चुना. मी ताकद कमी केली, कारण आता काँक्रिट जवळ आलं होतं. चुन्याचा थर भुरभुरत निघाला आणि त्याखालून काळ्या रंगातली सुबक, वळणदार अक्षरं वर येऊ लागली. मूळ मैदान बांधलं तेव्हाची असावीत. मी आधी शेवटचा शब्द मोकळा केला, मग मागे मागे येत गेले. वस्ताद माइक तोंडाशी धरून तयार उभे होते.

पण त्यांनी वाचलं नाही.

"वस्ताद, काय निगालं?" बाहेरून लोक विचारू लागले. "कंची निशानी?"

ओळ पूर्ण मोकळी झाली तेव्हा मीही थांबले.

'मैदानात स्त्रियांस प्रवेश नाही.'

वहिनीसाहेब भिंतीजवळ गेल्या. "कुनाचं अक्षर हे?" त्यांनी विचारलं.

"माजं," वस्ताद म्हणाले. माइक त्यांनी खाली केला होता. "तवा इशीतला पोरगा व्हतो मी. कमिटीनं सांगितलं, आन माजं अक्षर चांगलं व्हतं."

"ठावं हाय मला." त्या हसल्या. मास्कमुळे दिसलं नाही, पण आवाजात आलं. "बाई, माझं माहेरबी हितलंच. माझा बाप ह्या हौद्यात लढायचा. त्याच्या सगळ्या कुस्त्या मी त्या रस्त्यावरनं ऐकल्या, ह्या वस्तादांच्या तोंडनं. बाप जिकला का हारला, ते मला कर्ण्यातनं कळायचं. एकदा त्याचा खांदा निखळला, तर वस्ताद म्हणाले, 'पैलवान किरकोळ जखमी.' मी तिथं हुबी राहून गूळ वाटला लोकांना."

"मी तरी काय सांगनार व्हतो, पोरी," वस्ताद म्हणाले. त्यांनी 'वहिनीसाहेब' म्हटलं नाही.

त्या माझ्याकडे वळल्या. "हे निघंल का?"

"निघेल."

"मग ती बंदूक द्या मला. हे मी काढते."

मला ती बंदूक त्यांना द्यावीशी वाटत होती. इतकी, की हात पुढे होऊ लागला होता. पण त्यांना प्रशिक्षण नव्हतं, पहिल्यांदा धरणाऱ्याचा हात वळतो, आणि शेजारी दोन माणसं उभी होती.

"ताई, नाही देता येणार," मी म्हणाले. "नियम तुम्हालाही आहे."

हेर्लेकर सरांनी डोळे मिटून घेतले असावेत. ताईंनी माझ्या दुमडलेल्या बाहीवर हात ठेवला.

"तुमाला बरं न्हाई म्हणता येतं हो," त्या म्हणाल्या. "मला दोन वर्सं सही करताना एकदाबी आलं न्हाई."

"ताई, मलाही आज पहिल्यांदाच आलं."

"कसं वाटतंय?"

"नोकरी गेल्यासारखं."

"मलाबी," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी त्या काळ्या पडद्यांच्या खोलीत, मास्कच्या आत, चष्मे हलेपर्यंत हसलो.

मग त्यांनी वस्तादांच्या हातातला माइक काढून घेतला. गावाने न पाहिलेली गोष्ट गावाने तेव्हाही पाहिली नाही, ऐकली मात्र. "मी रत्नप्रभा शेंडगे बोलतेय," त्या म्हणाल्या. "खाली लिवलंय, मैदानात स्त्रियांस प्रवेश नाही. आता ते निघतंय. रस्त्यावर हुब्या हायत त्या सगळ्या बायका आत येऊन पायऱ्यांवर बसतील. बसल्या का मगच मशीन सुरू होईल. पडद्याला कुणी हात लावायचा न्हाई, बाईंनी सांगितलंय."

बाहेर बांगड्यांचा आणि चपलांचा आवाज सुरू झाला. तो बराच वेळ चालला होता. त्यात एकदा आबांचा आवाज आला, "आरं, पायऱ्यांवर जागा द्या की त्यास्नी!" गडी वारं ओळखण्यात तयार होता. एवढ्या वर्षांत निशाणी बदलायला त्याला कधीच वेळ लागला नव्हता.

आवाज थांबल्यावर मी ती ओळ काढली. सगळ्यात जुना रंग असूनही तो सगळ्यात पटकन निघाला. निवेदन कुणीच केलं नाही. ताई आणि वस्ताद शेजारी उभं राहून बघत होते. खालचं काँक्रिट राखाडी, स्वच्छ निघालं, ओतताना लावलेल्या लाकडी फळ्यांच्या रेषासुद्धा त्यावर दिसत होत्या.

माझी नोकरी गेली नाही. आबांचा फोटो चुकला, पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत भिंत आली, आणि हेर्लेकर सर पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागले, "आमच्याकडे सुरक्षेच्या बाबतीत नगराध्यक्षांचंही ऐकत नाहीत." सांगताना ते आपण बाजूला कसे खंबीर उभे होतो तेही सांगत. मी मध्ये बोलत नसे.

पुढच्या वर्षी यात्रेला ताईंचा फोन आला. "पोरींच्या कुस्त्या लावल्यात. या."

मी गेले. ताईंनी मला शेजारी बसवलं. पहिल्याच जोडीला गावातली एक काटकुळी पोरगी होती. सलामी दिली, वळून पायऱ्यांकडे बघून हात हलवला, आणि तेवढ्यात समोरचीने तिला उचलून असं आपटलं की वस्तादांना 'धरला' म्हणायलाही वेळ मिळाला नाही. दोन्ही खांदे मातीला. कुस्ती संपली.

पोरगी उठली. केसांत, तोंडात लाल माती. रडेल असं वाटलं. ती सरळ पंचांकडे गेली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "परत लावा."

"का गं?"

"ही कुस्ती धरायची न्हाई. माझं तोंड लोकांकडं होतं."

"ती चूक तुझी," पंच म्हणाले. "चितपट म्हंजे चितपट."

"बरं," पोरगी माती थुंकून म्हणाली, "मग दुसरी द्या. आता लोकांकडं बगत न्हाई."

ताई माझ्या कानाशी वाकल्या.

"हिचं नाव इचारून ठेवते," त्या म्हणाल्या. "मी पुढल्या खेपंला उभी ऱ्हायले, तर प्रचाराला लागंल."